उरलेली किडनी

डॉक्टर गुरुमूर्ती माझ्या आजाराबद्दल मुरलीशी बोलत होते. मी शेजारीच बसले होते, लघवीतून रक्त माझ्या जात होतं, आणि गणित शिकवण्यात माझा जन्म गेला होता. तरी शेजारी पुरुष असला की डॉक्टरांना बाई दिसेनाशी होते. तंजावुरातल्या जुन्या दवाखान्यांत हेच, आणि नुकत्याच उघडलेल्या, काचेच्या दारांच्या या खासगी इस्पितळातही हेच. एसी तेवढा वाढला.

मुरली माझा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा मी माझी एक दिली. आता माझ्या उरलेल्या किडनीच्या नळीत, खाली मूत्राशयाजवळ, कॅन्सरची गाठ निघाली होती.

"दोन मार्ग आहेत," डॉक्टर मुरलीला तमिळमध्ये म्हणाले. "पुस्तकाप्रमाणे किडनी आणि नळी सगळीच काढायची, मग डायलिसिस. पण गाठ लहान आहे, सौम्य जातीची आहे. तेवढाच तुकडा कापून नळी परत मूत्राशयाला जोडता येईल. मात्र गाठ पुन्हा येऊ शकते. दर काही महिन्यांनी दुर्बीण घालून पाहावं लागेल."

"सगळं काढा," मुरली म्हणाला.

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मुरली, मला विचारलंस कां?"

"अक्का, अप्पांचं आठव. थोडंच कापलं नि सगळीकडे पसरलं. मला भीती वाटते."

आमचे वडील तसेच गेले होते. भीती खरीच होती. पण भीती त्याची आणि किडनी माझी, हा कुठला न्याय?

"डायलिसिसवर माणसं राहतात की, अक्का," तो म्हणाला. "बसनं तिरुच्चीला जायचं नि यायचं, येवढंच."

येवढंच म्हणे. तो त्या यंत्राला जोडलेला असायचा, तेव्हा त्याची सुजलेली पावलं मांडीवर घेऊन मीच बसायची. घोटभर जास्त पाण्यासाठी तो रडायचा.

"राहतात ना?" मी विचारलं. "मग तूं कां नाहीं राहिलास?"



डॉक्टरांना आमचं मराठी कळलं नव्हतं. मी त्यांना तमिळमध्ये सांगितलं, तुकडाच कापा, आणि यापुढे काय ते माझ्याशी बोला. एक मी आपखुशीने दिली. ही मला विचारल्याशिवाय कोणी नेणार नाही.