फुकट तपासणीचं बिल

बालीची सहल, जोडप्यानं, समुद्रासमोरची खोली: हा डॉक्टर निरंजन यांचा होऊ घातलेला फायदा. त्यासाठी करायचं एवढंच, की रक्तदाबाच्या रुग्णांना वर्षभर एकाच कंपनीची गोळी लिहायची. पत्नी राधिकानं समुद्रावर घालायची टोपीसुद्धा घेऊन ठेवली होती, आणि कंपनी बालीला नेतेय म्हणून ओळखीच्या बायकांना दाखवलीही होती.

दवाखाना रायपूरच्या चौबे कॉलोनीत. मराठी माणसाकडून डॉक्टर फी घेत नसत. "आपल्याच माणसाकडून काय घ्यायचे!" म्हणत आणि त्याच प्रेमानं चिठ्ठी लिहीत. फी माफ तीनशे, महिन्याची औषधं तेराशेची. मंडळींनी वजाबाकी कधी केलीच नाही. तीनशे वाचले, हेच गावभर सांगत सुटली. शेवटी मराठी मंडळानं डॉक्टरांचा सत्कार ठरवला.

शाल घालायचा मान हिरालाल यांना. रेल्वेतून निवृत्त झालेले, जुने पेशंट, आणि माइक दिसला की हात शिवशिवणारे.

"आमच्या डाक्टर साहेबानं मले आजवर एक रुपया मागितला नाही! असा माणूस अख्ख्या रायपुरात..."

एवढं म्हणून हिरालाल शालीसकट डॉक्टरांच्याच अंगावर कोसळले. लोकांना वाटलं, गळाभेट! दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या.

डॉक्टरांनी त्यांना तिथेच आडवं केलं, गाडीतलं यंत्र मागवून रक्तदाब मोजला. आकडा भलताच वर होता. "काका, गोळी रोज घेता ना?"

"घेतो न. एक दिवसाआड."

"एक दिवसाआड? काहून?" घाबरल्यावर डॉक्टरांनाही घरची भाषा आठवली.

हिरालाल छताकडे पाहू लागले. पहिल्या रांगेतून त्यांची पत्नी मंदाकिनीबाई उठल्या. "मी सांगते. महिन्याच्या गोळ्या परवडत नाहीत, म्हणून अर्ध्याच आणतात. एक दिवस गोळी, एक दिवस गोळीची सुट्टी!"

"अहो काका, मला सांगायचं ना!"

"कसं सांगू, साहेब? तुमी फी घेत नाही. फुकटात तपासून घेऊन वरून औषध महाग म्हणावं का? लाज वाटते न!"

"कंपनी चांगली आहे हो ती," डॉक्टर पुटपुटले.

"असंन," हिरालाल लेकीचा हवाला देत म्हणाले. "पण आमची पोट्टी म्हणते, तेच औषध जेनेरिकच्या दुकानात महिन्याला दोनशेत भेटते. खरं का खोटं?"

"खरं," डॉक्टर अगदी हळू म्हणाले. पण हिरालालांच्या हातातला माइक चालूच होता. खरं! सगळ्या हॉलनं ऐकलं. राधिकानं पदर सावरायच्या निमित्तानं मान खाली घातली.

"मग आमच्याकडून तीनशे घ्या न, भाऊ!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आता तुमाले ती कंपनी देऊन राहिली, म्हणून तुमी तिचेच डाक्टर झाले. आमचे पैसे घ्या आणि आमचे डाक्टर व्हा!"

डॉक्टरांनी सत्काराची शाल घडी करून हिरालालांच्या डोक्याखाली ठेवली. ती परत मागितली नाही.

दुसऱ्या दिवसापासून फी सगळ्यांना सारखी. चिठ्ठीवर कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव. बाली रद्द! मंडळात कुरकुर झाली, "पाहा, सत्कार काय केला, डॉक्टर पैसे घ्यायला लागले!" हिरालाल त्यांना ऐकवतात, "फी धरून पाचशेत महिना निघते माझा. रोज गोळी घेतो. तुमी बसा फुकटात!"

वाचकहो, फी माफ झाली म्हणून तोंडाला कुलूप लावू नका. 'याच गुणाचं स्वस्त औषध आहे का?' असं विचारल्यानं कोणाचा अपमान होत नाही. आणि डॉक्टरहो, घ्यायचं ते रुग्णासमोर, उघड घ्या.

राहिला हिशेब. शाल मंडळाच्या वर्गणीतून. टोपी राधिकाच्या स्वतःच्या पैशांतून. आणि बाली? ती कंपनी देणार, असं डॉक्टर धरून चालले होते. देत होते हिरालाल: एक दिवस खिशातून, एक दिवस रक्तदाबातून.