किटलीचं नाणं

“सिताबाईकडं बघत जा पोरी. ती देव्हाऱ्यातली नाणी मोडायलीय,” असं धुळाप्पानं सांगितलं, तेव्हा दैवशालानं ते हसण्यावारी नेलं.

धुळाप्पा गावातलं पाण्याचं मशीन सांभाळायचा. पाचाचं नाणं टाकलं की जार भरायचा. हल्ली त्याच्या गल्ल्यात किटलीचं चित्र असलेली परदेशी नाणी निघू लागली होती. मशीनला फक्त आकार नि वजन कळतं. ते जुळलं की पाणी सुटतं. तसली नाणी गावात एकाच घरी होती. सिताबाईचा बजरंग दुबईला सेंटरिंगच्या कामाला होता. सुट्टीला आला तेव्हा आईच्या ओंजळीत मूठभर नाणी ठेवून गेला, आणि पुढच्या खेपेला पेटीतूनच आला. गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. तेवढी ऐपत नव्हती, म्हणून म्हातारीनं ती नाणीच कुंकू लावून पुजली होती.

“मशीनला चालतंय न्हवं मामा? मग तुमच्या पोटात का दुखतंय?”

“मशीनला चालतंय गं. म्हातारीला कसं चालतंय, ते बघ.”

दैवशालाच्या कडेवर सात महिन्यांची लेक होती. तिचं पाणी दोनदा उकळायचं, कपाळाला घटकेघटकेला हात लावून बघायचा. सिताबाईचं दार समोरच होतं, पण तिकडं बघायला तिला सवड झाली न्हाय.

मग किटलीची नाणी निघायची थांबली. धुळाप्पा म्हणाला, दोन दिवस म्हातारी दिसली न्हाय. निराधारचा पगार आला असंल, असं दैवशालानं मनाशी ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेकीला पायावर घालून न्हाऊ घालताना तिच्या ध्यानात आलं, समोरच्या अंगणात सडा पडलेला न्हाय. लेकीला तशीच टॉवेलात गुंडाळून ती धावली. दार नुसतं लोटलेलं होतं. सिताबाई भिंतीकडं तोंड करून निजलेली, अंग गार. उशाला जार कोरडा. देव्हारा रिकामा. पदराला एक गाठ होती. दैवशालानं ती सोडली. आत कुंकवानं माखलेलं एक नाणं होतं. शेवटचा बजरंग म्हातारीनं मशीनात टाकला नव्हता.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी दैवशालानं मशीनवर एक कागद डकवला. ती बी.ए. झालेली, अक्षर वळणदार, तरी ओळ वाकडी गेली होती:

‘हे वाचणाऱ्यानं जार भरून घरी जाताना शेजारच्या एकट्या माणसाची कडी वाजवावी. आतून आवाज येईस्तोवर हलू नये. आजच जावं.’