कोन चुकला माझा, आळ आला मोटरवर

मित्रांनो, विजेच्या दुचाकीच्या सीटखाली पत्र्याचा एक चपटा, धुळकट डबा असतो. तो मी, कंट्रोलर. मागच्या चाकात बसवलेल्या मोटरला कधी आणि किती वीज द्यायची, हे मी ठरवतो. मला मान असती, तर पुढची हकिकत सांगताना ती खाली गेली असती.

आमची मालकीण नर्स आहे. ती घरोघरी जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलते. पाच वर्षं आमचा आवाज असा कुणाला आलाच नाही. "बाई, तुमची गाडी चालते की तरंगते?" असं रुग्ण विचारायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

मग मोटरची एक तार तुटली. नर्सबाईंच्या दिरांचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी तार बदलली. अशा वेळी मला मोटरची नव्याने ओळख करून द्यावी लागते. चाक अधांतरी ठेवून मोकळं फिरवायचं, म्हणजे आतल्या चुंबकांचा कोन मला टिपता येतो. पण त्या दिवशी स्टँड मोडलेला होता. "तेवढ्याने काय बिघडतंय!" म्हणत भाऊजींनी हँडल धरलं आणि फोनमधल्या ॲपवरून मला शिकण्याचा हुकूम सोडला. चाक जमिनीला घासत, अडखळत फिरलं. दर वेळी कोन वेगळा येत होता. मला ते दिसत होतं. तरीही, 'शिकलो' असं सांगणारा हिरवा दिवा मी लावला.

दुसऱ्या दिवसापासून मोटर घरघरू लागली. त्या चुकीच्या कोनामुळे मी तिला भलत्याच क्षणी वीज देत होतो. ती तापत होती, ओरडत होती. भाऊजींनी तिचे बेअरिंग बदलले, ग्रीस भरलं. मग मी मोटरला किती वीज द्यायची, तो माझ्यातला आकडा कमी केला. आवाज थोडा दबला, तसे ते म्हणाले, "बघा, मोटरच म्हातारी झाली. सोमवारी भंगारात देऊ."

"भंगारात तुमची घाई द्या आधी," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी वीज बंद केली आणि गाडी अंगणभर ढकलली. चाक गुपचूप फिरलं. वीज चालू करून गाडी जराशी चालवली, तर पुन्हा घरघर. "भाऊजी, नुसती ढकलली तर ओरडत नाही. मग दुखणं चाकात कसं? तिला वीज कोण देतंय ते बघा ना!"

भाऊजी कान खाजवत म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुकान काढा, मी पट्ट्या बांधतो." पण त्यांनी गाडीखाली विटा रचल्या, चाक उचललं आणि मला पुन्हा शिकवलं. या वेळी कोन एकच आला. घरघर थांबली.

मोटर भंगारातून वाचली. पण या सगळ्यात गेलेल्या तीन आठवड्यांत तिच्या तारांवरचा लेप करपला होता. आता दवाखान्याच्या चढावर तिचा दम संपतो आणि नर्सबाई उतरून गाडी ढकलतात. "वय झालं बिचारीचं," म्हणतात. वय नाही हो, मी!

मित्रांनो, एखादं यंत्र ओरडू लागलं, तर त्याला खोलण्याआधी त्याला चालवणाऱ्याकडे बघा. आणि कुणी काही शिकवलं, ते कळलं नाही, तर 'कळलं नाही' म्हणा. मला तेवढं एक वाक्य म्हणता आलं नाही. ते न म्हटल्याचा चटका मात्र मोटरला बसला.