स्वाभिमानी नोकरांचं हॉटेल

अमरावतीच्या कापूस बाजाराजवळ खुशालरावांचं हॉटेल होतं. अठ्ठावन्न साली खुशालराव मुंबईला गेले, तिथे कुणाचं तरी श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषण ऐकलं आणि परतले ते थेट समाजसुधारक होऊनच. लगेच भिंतीवर पाटी लागली : 'बक्षीस देऊ नये. आमचे नोकर स्वाभिमानी आहेत.' आपण स्वाभिमानी आहोत हे नोकरांनाही पाटी वाचूनच कळलं. त्यातून कुणाचा स्वाभिमान डळमळलाच आणि तो बक्षीस घेताना सापडला, तर त्याची नोकरी गेली, हेही मालकांनी बजावून ठेवलं.

पगार मात्र वाढवला, हे कबूल केलं पाहिजे. चहा महाग करून वाढवला, पण वाढवला. वेटर नत्थुजीची निम्मी जिंदगी बडीशेपेच्या बशीकडे डोळे लावण्यात गेली होती. आता तिकडे बघायची गरज उरली नाही. घरी पाऊल टाकताच बायको केशरबाई "आज किती भेटले?" म्हणून विचारायची, तेही थांबलं. पन्नाशीला आलेला माणूस, पण पहिल्यांदाच टेबलांमधून ताठ चालायला लागला. त्याला ते मनापासून आवडलं होतं.

राहता राहिली गिऱ्हाईकं. भगवंतराव वकील नेमाने चवन्नी ठेवत. वकिलांना नाही म्हणायची कुणाची छाती? मग मालक स्वतः गल्ल्यावरून उठत, "तुमचा मान मोडवत नाई" म्हणत ती चवन्नी उचलत आणि गल्ल्यात टाकत. मालकांचा स्वाभिमान मुळातच दणकट, त्याला चवन्नीने काय होणार?

एका दुपारी डोमाजी आला, बायको पंचफुलाला घेऊन. नत्थुजीच्याच वलगावचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्याला दोन वर्षं झाली होती. नुकताच कचेरीत शिपाई लागला होता आणि पहिला पगार खिशात होता. गावात नत्थुजी त्याला अंगणाच्या बाहेरच थांबवून "काय रे" म्हणायचा. इथे तोंडातून आपसूक "या, बसा" निघालं. नवराबायकोने आलूबोंडे खाल्ले, चहा घेतला. शेजारच्या टेबलावरून वकील उठले, बशीत चवन्नी ठेवून गेले, मालकांनी ती उचलली. डोमाजीने ते पाहिलं आणि आपल्या बशीतही एक चवन्नी ठेवली.

"नाई जी," नत्थुजी ऐटीत म्हणाला. "आमी घेत नाई. बंद झालं आता."

डोमाजीचा चेहरा उतरला. "वकिलाची तं आत्ता घेतली. माहीच कावून चालत नाई?"

"तसं नाई, डोमाजी..."

"वलगावच्या दुकानात माह्या बापाच्या पैशावर पाणी शिंपडत, पण घेत तरी होते. तुमी तं थे बी नाई म्हणून राहिले."

"चला जी," पंचफुला उठली. "उगाच आलो आपण."

ते दुकान नत्थुजीच्या मामाचं होतं. पाण्याचा तांब्या लहानपणी त्याने स्वतः धरला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटीकडे बोट दाखवावं, तर वकिलांची चवन्नी गल्ल्यात खणकन पडलेली साऱ्या हॉटेलाने ऐकली होती. मालक टक लावून बघत होते. आता घरी केशरबाईला काय सांगायचं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याने बशीतली चवन्नी उचलली, कपाळाला लावली आणि खिशात टाकली.

"नत्थुजी!" खुशालराव गल्ल्यावरून ओरडले. "तत्त्व म्हंजे तत्त्व! उद्यापासून येऊ नका."

डोमाजी दारातच थबकला. त्याने पाटी वाचली, मालकांकडे पाहिलं, मग नत्थुजीकडे.

"म्हंजे खरंच बंद होतं? मंग नीट सांगाचं ना, नत्थुजी!"

"सांगतलं तं. तुमाले पटलं नाई." नत्थुजीने खांद्यावरचं फडकं काढून टेबलावर ठेवलं. "मले बी पटलं नसतं."