ओडेसाबाईंनी दोर ओढला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी घंटा आहे. टेक्सासमधल्या एका छोट्या गावाच्या संग्रहालयात टांगलेली. मला आयझाया टॉलिव्हर नावाच्या ओताऱ्यानं घडवलं. तो गुलामीत जन्मला. लहानपणी त्याला अक्षर गिरवायलाही बंदी होती. गुलामी संपल्यावर गावातल्या कृष्णवर्णीय लोकांनी आपल्या मुलांसाठी शाळा बांधली, तेव्हा मोडक्या नांगरांचं लोखंड वितळवून त्यानं मला ओतलं.

ऐंशी वर्षं मी रोज सकाळी वाजले. माझ्या हाकेला धावत येणारी मुलं पुढे डॉक्टर झाली, न्यायाधीश झाली. एक मुलगी तर विमानांची इंजिनं बनवू लागली. मग काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा एक झाल्या. आमची बंद पडली, आणि कुणीतरी तिला आग लावली. राखेतून निघून मी एका गोदामात गंजत पडले.

संग्रहालयानं मला आणलं तेव्हा बरं वाटलं. पण खाली पाटी लागली, 'शेतावरची घंटा. बनवणारा अज्ञात.' सहा वर्षं तो अपमान मी गिळला.

यंदा फेब्रुवारीत ओडेसाबाई आल्या. वय ब्याऐंशी, आयझायाची पणती, आमच्याच शाळेत शिकलेल्या. पाटी वाचून त्या थेट संचालकांकडे गेल्या.

"पाटी बदला."

"काही कागद आहेत का?"

"शाळेबरोबर जळले. आग लावणाऱ्यांनी पावती दिली नाही."

जवळच्या प्लेनो शहरात नोकरी करणारी, मूळची नागपूरची हिमानी शनिवारी तिथं मदतीला यायची. ती पुढे झाली. "मिस ओडेसा, तुमच्या शाळेतले अजून कोण कोण आहेत? मी सगळ्यांना ड्राइव्ह करून आणते."

पुढच्या शनिवारी नऊ जण आले. कुणी काठी टेकत, एक जण व्हीलचेअरवर. संचालक सौम्यपणे म्हणाले, "आठवणींना पुरावा म्हणता येत नाही."

ओडेसाबाई उठल्या. 'हात लावू नये' या सूचनेकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी माझा दोर ओढला.

साठ वर्षांनी मी वाजले! काचा थरथरल्या. आणि ती नऊ म्हातारी माणसं न सांगता एका रांगेत लागली, उंचीप्रमाणे. व्हीलचेअरवरच्या आजोबांनी हात वर केला. "हजर!"

"हजर!" "हजर!" आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला.

संचालकांनी खिशातून पेन काढलं. "नाव कसं लिहायचं?"

ओडेसाबाईंनी एकेक अक्षर सांगितलं, सावकाश, मोठ्यानं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. पण त्याआधी घडवणाऱ्याचं नाव विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.