पियानोला भाता नसतो

"भाता!" अप्पा ओरडले.

मी दचकून हात चालवला. पेटीचा बसलेला आवाज परत उठला, पण तोवर अप्पांची ओळ मधेच तुटली होती.

"ध्यान कुटं हाय तुझं? सकाळी सकाळी डुलक्या घ्यायलीस की काय?"

"इथंच आहे, अप्पा."

"हितं असतीस तर वारा संपला असता व्हय?"

बरोबर होतं त्यांचं. मी तिथं नव्हतेच. उजव्या हातानं पेटीचा भाता मारत होते आणि डावा हात ओढणीखाली, मांडीवर, पियानोची जी मेजर स्केल वाजवत होता. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पाच सूर सरळ जातात. मग मधलं बोट अंगठ्यावरून पलीकडे टाकायचं असतं. ते टाकताना माझा उजवा हात हमखास थांबतो. आणि भाता थांबला की पेटी गप्प, पेटी गप्प झाली की अप्पा सुरू.

अप्पा म्हणजे माझे वडील महादेवप्पा, सोलापूरच्या भवानी पेठेतले पेटीमास्तर. चाळीस वर्षांत गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्यांनी पेटी शिकवली. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभ वाचली, उजवा हात वाचला. पेटीला उजवा हात लागतो पट्ट्यांवर आणि डावा लागतो भात्यावर. तो डावा हात तेव्हापासून मी आहे. सकाळी सहाला एक तास, संध्याकाळी सातला एक तास. अप्पा कॉटवर, पुढ्यात बुटक्या टेबलावर पेटी, आणि पेटीच्या मागच्या बाजूला स्टुलावर मी. मला दिसतो तो भाता, आणि त्याच्यावर अप्पांचा चेहरा. पट्ट्या त्यांच्याकडे. सहा वर्षं रोज पेटीला बसणारी आणि पट्ट्या न दिसणारी बाई सोलापुरात मी एकटीच असेन.

लहानपणी मी हट्ट केला होता शिकायचा. अकरा वर्षांची होते. अप्पांनी एकदा गायला लावलं आणि म्हणाले, "गळा न्हाई तुला." विषय तिथं मिटला. पेटीला गळा कशाला लागतो, हा प्रश्न मला सुचला तोपर्यंत तीस वर्षं निघून गेली होती.

धाकटा भाऊ प्रभु बेंगळुरूला असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. "अक्का, तू हायस म्हणून आमी निवांत हाय बघ," असं तो न चुकता म्हणतो. त्याचं निवांतपण कुणाच्या मनगटावर चाललंय ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी "हं" म्हणते आणि अप्पांना फोन देते.

दिवसा मी एका इंग्रजी शाळेच्या लायब्ररीत असते. पुस्तकं देते, घेते, फाटलेली चिकटवते. शाळेच्या हॉलमध्ये कुणीतरी देणगी दिलेला पियानो आहे. त्याच्यावर मखमली कापड आणि कापडावर खेळांच्या ढाली. गेल्या वर्षी जुने ॲटलास हॉलमध्ये न्यायचे होते. संगीताच्या एस्तेर मिस झाकण उघडं ठेवून चहाला गेल्या होत्या. मी सहज एक पट्टी दाबली आणि हात तसाच धरून उभी राहिले. सूर वाजत राहिला. कुणी वारा घालत नव्हतं, तरी तो चांगला बराच वेळ राहिला. मला एकदम रडू आलं. एक्केचाळीस वर्षांची बाई, काखेत ॲटलास, पियानोपुढे रडतेय. शोभलं नसेलच.

एस्तेर मिस दारात उभ्या होत्या.  नुसतं म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत या की उद्यापासून."

पहिल्या दिवशी त्यांनी सी मेजर दाखवली. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. ऐकलं आणि म्हटलं, अरे, हे तर सा रे ग म. सगळे शुद्ध सूर, आमच्या घरचा बिलावल. ओळखीचं माणूस परक्या गावात भेटल्यासारखं वाटलं. पण बोटांना ओळख नव्हती. डाव्या हातानं वाजवायला लागले की उजवा हात पियानोच्या कडेला धरून पुढे-मागे, पुढे-मागे. माझं मलाच कळलं नाही. मिस आधी बघत राहिल्या, मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं.

"अहो दानेश्वरी, पियानोला भाता नसतो! तो हात पण तुमचाच आहे. त्याला पण वाजवू द्या."

तो हात पण माझाच आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सी झाली, जी झाली, डी झाली. डी मेजरमध्ये दोन काळ्या पट्ट्या येतात, तिथं महिनाभर अडले. एफमध्ये उजव्या हाताचा अंगठा एका सुरानं उशिरा खाली घालायचा असतो. तो नेहमी घाईनं जायचा. मिस कागदावर बोटांचे आकडे लिहून देत आणि मी तो कागद भाकरी थापताना ओट्यामागच्या भिंतीवर चिकटवत असे. सगळ्यात आवडायची ती सी मेजरची उलटसुलट. दोन्ही अंगठे एकाच पट्टीवर ठेवायचे आणि दोन्ही हात एकमेकांपासून लांब न्यायचे, मग परत त्याच पट्टीवर आणायचे.

दिवाळीनंतर मिस म्हणाल्या, "पहिल्या ग्रेडची परीक्षा द्या. पुण्याला असते. माझ्या मिस्टरांची बदली झालीय, मार्चमध्ये मी जाणार. जूनपासून केजीच्या पोरांना संगीत कोण शिकवणार, असं प्रिन्सिपल मॅडम विचारत होत्या. मी तुमचं नाव सांगितलंय. फक्त सर्टिफिकेट पाहिजे."

जूनपासून रोज दोन तास पियानोवर. लायब्ररीतली बाई नाही, संगीताच्या मिस. मी घरी आले आणि अप्पांच्या आमटीत दोनदा मीठ घातलं.

परीक्षा रविवारी होती. दुपारी बारा दहाची वेळ. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, रात्री परत. मिसच्या दोन विद्यार्थिनीही बरोबर होत्या. तिकीट निघालं. आणि पंधरा दिवस आधी मठातून तिप्पण्णाकाका निरोप घेऊन आले. महादेवप्पांचा सत्कार करायचा, त्यांच्या पेटीची एक तासाची सेवा ठेवायची, सकाळी अकराला. त्याच रविवारी. अप्पांचा चेहरा मी समोरून रोज बघते, पण तो इतका उजळलेला सहा वर्षांत पाहिला नव्हता.

मी विरुपाक्षाला बोलावलं. अप्पांचा जुना शिष्य, आता कापडाच्या दुकानात असतो. तो बिचारा आनंदानं भात्यावर बसला. तीन मिनिटांत अप्पांनी पट्ट्यांवरचा हात उचलला.

"साकु. पुरे. तू पंप मारायलास, इरुपाक्ष. ह्याला वारा म्हनत न्हाईत."

"शिकंन की मास्तर, पंधरा दिवस हायत."

"तिला सा वर्सं लागली," अप्पा म्हणाले.

सहा वर्षांत माझ्याविषयी ते एवढं एकच चांगलं बोलले, आणि तेही माझ्या मुळावर आलं.

विरुपाक्ष गेल्यावर मी सांगून टाकलं. पियानो, मिस, परीक्षा, जूनचं काम, सगळं. अप्पा ऐकत होते, डावा हात उजव्या हातानं कुरवाळत.

"परीक्षेत काय वाजवायचं असतंय?"

"दोन-तीन छोट्या चिजा. आणि स्केल. मेजर स्केल."

"म्हंजी?"

"आपला बिलावल, अप्पा. नुसता आरोह-अवरोह. पण वेगवेगळ्या पट्टीतनं, दोन्ही हातांनी."

त्यांनी पट्ट्यांवरून एकदा बोटं फिरवली. मग म्हणाले, "वाजव बघू."

मी पेटी फिरवली. पहिल्यांदा पट्ट्या माझ्याकडे आल्या आणि भाता त्यांच्याकडे. जुन्या पांढऱ्या पट्ट्यांवर अप्पांच्या बोटांचे पिवळट खळगे पडलेले होते. डाव्या हातानं भाता धरायला मी वाकले, तेवढ्यात अप्पांनीच उजवा हात पुढे केला आणि भाता उघडला.

माझे वडील मला वारा घालत होते. पहिला सा लागेना. मग लागला. सा, रे, ग. अंगठा खालून. म, प, ध. घाई नाही, बोट अडखळलं नाही. मी नी दाबला, वरच्या सावर बोट ठेवलं आणि पट्टी खाली गेली. आवाज आला नाही.

मी वर बघितलं. अप्पांचा हात भात्यावरच होता, पण हलत नव्हता.

"हात दुकला," ते म्हणाले.

तो हात तासभर न थांबता पट्ट्यांवर चालतो. मला माहीत होतं ते, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी पेटी परत त्यांच्याकडे फिरवून ठेवली.

शनिवारी मी एस्तेर मिसना फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. त्या खूप समजावत होत्या. "एक दिवस फक्त, दानेश्वरी. एक दिवस कुणीही बघेल त्यांना." खरंच होतं. मी जाऊ शकले असते. दाराला कुलूप नव्हतं, कुणी हात बांधले नव्हते. बांधले असते तर सोडवून घेता आले असते. रविवारी सकाळी साडेसहाला हुतात्मा सुटली तेव्हा मी अप्पांच्या सदऱ्याची बटणं लावत होते.

मठात गर्दी चांगली होती. अप्पांना शाल घातली, हार घातला. मग तिप्पण्णाकाकांनी एक हार पेटीलाही घातला. फुलं भात्यात अडकू लागली म्हणून मीच तो काढून बाजूला ठेवला. अप्पा वाजवायला लागले. खरं सांगते, सुरेख वाजवत होते. चाळीस वर्षांची बोटं होती ती. लोक डोळे मिटून डोलत होते, आणि मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

उशिरा सुरू झालं होतं, त्यामुळे बारा वाजून गेले तरी सेवा चालूच होती. बारा पाच. बारा आठ. आता पुण्यात कुणीतरी दार उघडून माझं नाव घेत असेल. बारा दहाला अप्पा शेवटच्या ओळीवर आले. प, ध, नी. वरच्या साकडे ते निघाले आणि माझा हात थांबला.

मी ठरवलं नव्हतं. ठरवलं नव्हतं असं मी तेव्हापासून स्वतःला सांगतेय.

पेटी मुकी झाली. अप्पांचं बोट वरच्या सावर दाबलेलं, आणि आवाज नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. एक क्षण तसेच बघत राहिले, मग तो सा त्यांनी स्वतःच्या गळ्यातून काढला. म्हातारा, चिरका, पण नेमका. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं असणार. टाळ्यांचा कडकडाट झाला.

रिक्षात अप्पा शाल मांडीवर घेऊन बसले होते. सात रस्ता चौकापाशी म्हणाले, "काय झालं गं तवा?"

"हात दुखला, अप्पा."

ते बाहेर बघत राहिले.  मला वाटलं होतं, हे म्हटल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं. घरी येऊन मी मोरीत तोंडावर पाणी मारत बसले, कितीतरी वेळ.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले तरी "भाता" अशी हाक आली नाही. मी चहा ठेवून बाहेर आले. अप्पा कॉटवर बसले होते, बोटं पट्ट्यांवर, मान खाली. वाट बघत होते. मी हात पुसले आणि स्टुलावर बसले. डावा हात मांडीवर ठेवला, ओढणीवर, उघडा. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं.

रोज ते भैरवापासून सुरू करतात. त्या दिवशी त्यांनी नुसते शुद्ध सूर धरले. सा, रे, ग, म, एकेक सूर सावकाश, नवीन पोराला शिकवावं तसे. प, ध, नी. मग वरचा सा, आणि त्यावर बोट ठेवून राहिले.

माझ्या बिलावलातला तो सा त्यांनी मला द्यायचा राहिला होता. आता दिला, पण बोट त्यांचंच होतं. त्यांनी तो जितका वेळ धरला, तितका वेळ मी भाता मारत राहिले.