आन दो, आन दो

“मियाँ, उलटं! उलटं चाललंय!” मल्लेश मागून ओरडला, पण तोवर ट्रेलरच्या कोपऱ्यानं सरावासाठी ठेवलेलं निळं पिंप आडवं केलं होतं. पिंप गडगडत दवाखान्याच्या आवारातल्या नळापाशी जाऊन थांबलं.

“तहान लागली व्हती वाटतं त्याला,” मल्लेश म्हणाला आणि पिंप उचलून पुन्हा जागेवर ठेवायला गेला.

पाशामियाँनी ब्रेक दाबून धरला होता. समोरच्या पडद्यावर लाल खूण लुकलुकत होती, गाडी बारीक आवाजात टुंटुं करत होती. स्टिअरिंगला त्यांचा हात लागलेलाच नव्हता. हेच तर या नव्या पिकअपचं कौतुक होतं. गियरच्या शेजारी एक गोल बटण होतं, जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करायला असायचं तसं. ट्रेलरची पिछाडी उजवीकडं न्यायची असेल तर बटण उजवीकडं फिरवायचं, डावीकडं न्यायची असेल तर डावीकडं. त्यासाठी स्टिअरिंग कुठं आणि किती वळवायचं ते गाडी आपलं आपण बघायची. ड्रायव्हरनं फक्त पाय सांभाळायचे.

मल्लेशला ते चहा पिऊन होईस्तोवर जमलं होतं. तो दवाखान्याचा दुसरा ड्रायव्हर, देगलूरचा, आजवर जीप चालवलेला. ट्रेलर त्यानं कधी ओढलाच नव्हता. आणि ज्यांनी उभा जन्म ट्रेलर ओढला त्या पाशामियाँचा हात दरवेळी उलटा जात होता.

त्याला कारण होतं. ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं की गाडीची पाठ उजवीकडं सरकते, हुकात अडकलेलं ट्रेलरचं नाक तिच्यासोबत जातं आणि शेपूट मात्र डावीकडं फिरतं. म्हणून ट्रेलरवाल्याचा हात उलटा असावा लागतो. पाशामियाँ उजवा कोपर दारावर टेकवायचे, मान खिडकीबाहेर काढून मागं बघायचे आणि डाव्या हातानं स्टिअरिंग फिरवायचे. विचार करावा लागायचा नाही. तो डावा हात आता बटणावर होता आणि आपलं जुनंच काम करत होता.

मान मात्र राहिली नव्हती. मानेचे मणके झिजले होते. पांढरा पट्टा गळ्यात आला तेव्हापासून खिडकीबाहेर बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे, आणि तसं वळलं की पाय ब्रेकवर नीट पोचत नसे. म्हणून हा पडदा, हे कॅमेरे, हे बटण.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर डॉक्टर सौदामिनी उभ्या होत्या. नांदेडचा हा डोळ्यांचा दवाखाना त्याच चालवत. ट्रेलरमध्ये त्यांनी तपासणीची खोली थाटली होती. ती गावात सोडून द्यायची, आणि मोकळ्या पिकअपनं मोतीबिंदूचे पेशंट ऑपरेशनला आणायचे-पोचवायचे, अशी सोय होती.

“पाशामियाँ, उद्या शिरूर अनंतपाळ,” त्या म्हणाल्या. “शाळेच्या बाजूचा बोळ तुम्ही पाहिलाय. विजेचं कनेक्शन आत टोकाला आहे, ट्रेलर मागंच घ्यावा लागेल.”

“हाव मॅडम.”

“मी स्पष्ट बोलते. उद्या तुम्हाला जमलं तर ट्रेलर तुमचा. नाही जमलं तर मल्लेश नेईल, आणि तुम्ही इथं गेटवर बसा. खुर्ची सावलीत ठेवायला सांगते. आत बोळात माणसं असतात हो. मला धोका पत्करता येत नाही.”

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. पाशामियाँनी गेटकडं पाहिलं. तिथं आधीपासूनच एक लाल खुर्ची होती.

*

देगलूर नाक्याच्या घरी शकिला कूलर काढून बसली होती. उन्हाळा तोंडावर आला की तिला धीर नसे. कूलरच्या टाकीतली धूळ धुऊन झाली होती, नवं गवत भरून झालं होतं. आता चाकांच्या लोखंडी स्टँडवरचं ते धूड आतल्या खोलीच्या खिडकीला लावायचं होतं.

“तुम्ही हात लावू नका,” ती म्हणाली. “मान संभाळा. मी ढकलते, तुम्ही मागं राहून नुसतं सांगा.”

पाशामियाँ खिडकीला पाठ लावून उभे राहिले. शकिला पलीकडून रेटू लागली. कूलरमुळं तिला पुढचं काहीच दिसत नव्हतं, दिसत होता तो फक्त नवऱ्याचा वर धरलेला हात.

“आन दो,” पाशामियाँ म्हणाले. “आन दो, आन दो... अगं, पलंगाचा पाय हाय. इकडं घे, इकडं.” त्यांचा हात उजवीकडं हलला. कूलर उजवीकडं आला. “बस. आता सीधा. आन दो... आन दो...” आणि त्यांनी कूलरच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थाप मारली. धप, धप.

शकिला थांबली आणि पदरानं तोंड पुसत हसू लागली.

“काय झालं?”

“लगीन झालं तेव्हा तुम्ही झोपेत असंच करत होते. आन दो, आन दो, अन् मग भिंतीवर धपधप. अम्मीला वाटायचं पोराला बाहेरची बाधा झाली.”

पाशामियाँही हसले. तेव्हा ते ग्यानोबा उस्तादांच्या गाडीवर क्लीनर होते. लोह्यापासून उदगीरपर्यंत सरकीचा, सिमेंटचा माल घेऊन जायचे. गाडी मागं जाताना पिछाडीला उभं राहायचं, उस्तादला हात दाखवायचा, थांबायचं असेल तर पत्र्यावर थाप मारायची, आणि गाडी थांबली की धावत जाऊन चाकामागं दगड लावायचा. बरीच वर्षं त्यांनी दगड लावले. मग एकदा चाकूरच्या अड्ड्यावर उस्ताद खाली उतरून म्हणाले होते, “पाशा, दगड आता दुसऱ्याला लावू दे. तू वर बस.” त्या दिवसापासून ते दगडासाठी खाली वाकले नव्हते.

“आज जमलं का ते बटण?” शकिलानं विचारलं.

“न्हाई. हात ऐकत न्हाई. स्टेरिंगचं चाक उलटं फिरवायची सवय हाय, बटण म्हणतं सुलटं फिरव.”

“अन् चाक कोण फिरवतं मग?”

“गाडी.”

“म्हणजे गाडीच ड्रायव्हर झाली की.” शकिलानं कूलरच्या पाण्याच्या पाइपला गाठ मारली. “तुमचा हात आत्ता सुलटाच चालत होता. तुम्ही उजवं दाखवलं, कूलर उजवा आला. मी काय उलटं-सुलटं केलं ते तुम्हाला इचारलं का?”

पाशामियाँनी कूलरवरचा हात मागं घेतला.

“काय झालं?”

“तू मला पुन्हा हात दाखवणारा क्लीनर करून राहिली.”

तिच्या ध्यानात आलं. तिनं कूलरची वायर पिनेत खोचली. मग म्हणाली, “मी कुठं करून राहिले? मला आपलं दिसलं ते सांगितलं.” आणि तिनं कूलर चालू केला. ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला. पाशामियाँ पलंगावर बसून आपला डावा हात उलटसुलट करून बघत राहिले.

*

अहमदपूर मागं टाकून ते चाकूरहून आत वळले तेव्हा उन्हं वर आली होती. ट्रेलर मागं निमूट येत होता. तो जरा डोलू लागला की गाडी आपणच वेग आवरायची; पाशामियाँनाही तेव्हाच तो आवरावासा वाटायचा. या एका बाबतीत दोघांचं जमलं होतं.

शिरूर अनंतपाळच्या शाळेपुढं खुर्च्या मांडल्या होत्या. म्हातारी माणसं डोळ्यांवर आडवा हात धरून बसली होती. बोळाच्या एका अंगाला शाळेची भिंत, दुसऱ्या अंगाला हातपंपाचा ओटा, आणि अगदी आत विजेची पेटी. ट्रेलर दोन्हीकडं जेमतेम हातभर जागा सोडून बसला असता.

पाशामियाँ उतरले. ट्रेलरच्या दांड्यावर काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक कागद चिकटवलेला होता. गाडी कॅमेऱ्यातून त्याच्याकडं बघून ट्रेलर किती वळलाय ते ओळखायची. वाटेतल्या धुळीनं तो मातकट झाला होता. त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं तो पुसला, मग कॅमेऱ्याच्या काचा पुसल्या. एका काचेवर हलकेच फुंकर मारली.

“चष्मा पुसून राहिला का काय गाडीचा?” खुर्चीवरचे एक आजोबा म्हणाले. ते शेषेराव, शाळेचे जुने शिपाई. आज आपलाही मोतीबिंदू दाखवायला आले होते.

“तपासणीला आली ती पण,” मल्लेश म्हणाला, आणि खुर्च्या हसल्या.

पाशामियाँ वर बसले. रिव्हर्स टाकला, स्टिअरिंग सोडलं, डावा हात बटणावर ठेवला. पिछाडी थोडी उजवीकडं हवी होती. त्यांनी ब्रेक सैल केला, आणि हात सरळ डावीकडं गेला. स्टिअरिंग भराभर फिरलं. ट्रेलर भिंतीकडं निघाला. टुंटुं सुरू झालं.

“अय, भिंत! भिंत!”

“काट मारा, उजवा काट!”

“अहो, आधी फुडं घ्या!”

सल्ले देणाऱ्यांत ज्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं तेही होते. पाशामियाँनी गाडी थांबवली, पुढं घेतली, सरळ केली. आरशात सौदामिनी मॅडम दिसल्या. त्यांनी मल्लेशकडं पाहिलं, आणि मल्लेश दाराशी आला.

“मियाँ,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “मी घेऊ का? राग नका मानू.”

पाशामियाँनी मान वळवली नाही. वळवताच येत नव्हती. समोर पडदा होता. त्यात ट्रेलरच्या पाठीवरच्या कॅमेऱ्यातला बोळ दिसत होता: ओटा, भिंत, टोकाची पेटी, मधली मोकळी माती. कितीतरी वर्षांत त्यांनी जागा अशी बघितली नव्हती. ड्रायव्हरला असं कधी दिसतच नाही. त्याला दिसते एक कड, एक चाक, बाकीचा अंदाज. असं सगळं दिसतं ते मागं उभ्या राहिलेल्या माणसाला.

“मल्लेश,” ते म्हणाले, “मागं जाऊन उभा राहा. बोलू नको. नुसता हात दाखव.”

“कसा दाखवू?”

“पिछाडी जिकडं पायजे तिकडं. माझा इचार करू नको.”

मल्लेश बोळात शिरला. पडद्यावर तो छोटा, स्वच्छ दिसू लागला. त्यानं हात वर धरला. पाशामियाँनी बटणावर बोटं टेकवली. हे चाक नव्हे, त्यांनी स्वतःला सांगितलं. मी इथं नाहीच. मी तिथं मल्लेशच्या शेजारी उभा आहे, उस्ताद वर बसलेत, आणि माझा हात त्यांना दिसतोय.

मल्लेशचा हात उजवीकडं झुकला.

“आन दो,” पाशामियाँ म्हणाले. बोटं उजवीकडं वळली.

स्टिअरिंग डावीकडं फिरलं. ते त्यांनी बघितलंही नाही. पडद्यात ओटा हळूच बाजूला सरकला.

“आन दो... आन दो...”

आवाज वाढत होता ते त्यांना कळलं नाही. खिडकी उघडी होती. खुर्च्यांवरची माणसं ऐकू लागली होती. मल्लेशचा हात डावीकडं, बोटं डावीकडं. पडद्यातला हात आणि बटणावरचा हात एकाच माणसाचे असावेत असे हलत होते. भिंत ट्रेलरच्या कडेनं सरळ मागून पुढं येऊ लागली. मग अशी वेळ आली की मल्लेश पेटी आपल्या पाठीला लागते का ते बघायला मागं वळला आणि हात दाखवायचा विसरला. तरी पाशामियाँची बोटं थांबली नाहीत. थोडं उजवं. आता सीधा. अगं, हळू. आन दो.

पेटीपासून हातभर अंतरावर त्यांनी उजव्या हाताचा तळवा खिडकीबाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर मारला. धप, धप. मग ब्रेक दाबला.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग खुर्च्याच वाजू लागल्या. मल्लेश भिंत आणि ट्रेलरच्या फटीतून अंग चोरत बाहेर आला, शर्टाला चुना लागलेला.

“मियाँ! एका दमात! पेटीचं झाकण बी उघडतंय बघा, असं बसवलं.”

“ड्रायव्हर भारी हाय,” शेषेराव म्हणाले.

“गाडी भारी हाय, बाबा,” मल्लेशनं त्यांना चिडवलं. “स्टेरिंगला तर हात बी न्हाई लावला त्यांनी.”

“मग ते आन दो, आन दो कोण वरडत होतं? गाडी?”

सौदामिनी मॅडम बोळाच्या तोंडाशी आल्या. दोन्ही बाजूंची फट त्यांनी वाकून पाहिली, आधी भिंतीकडची, मग ओट्याकडची. दोन्ही सारख्या होत्या.

“पाशामियाँ,” त्या सरळ होत म्हणाल्या, “पुढचा कॅम्प हिमायतनगरला आहे. तिथली गल्ली याहून अरुंद आहे म्हणतात.”

“असू द्या की मॅडम,” पाशामियाँ म्हणाले.

त्या हसल्या आणि तपासणीचा पांढरा कोट घालायला निघून गेल्या. मल्लेशनं वायर पेटीला जोडली. ट्रेलरमध्ये दिवा लागला.

पाशामियाँ गाडीतून उतरले. शाळेच्या भिंतीच्या पायाशी एक बऱ्यापैकी चपटा दगड पडला होता. मान ताठ ठेवून ते गुडघ्यांत वाकले, दगड दोन्ही हातांनी उचलला, आणि फटीतून आडवे होत ट्रेलरच्या चाकापाशी गेले.

“अहो मियाँ, ठेवा, ठेवा,” मल्लेश धावला. “दगड मी लावतो ना.”

“नक्को,” पाशामियाँ म्हणाले. “हे माझं काम हाय.”

त्यांनी दगड चाकामागं सरकवला, नीट बसला का ते बघायला हातानं हलवून पाहिला, आणि मग ट्रेलरच्या पायऱ्या चढू लागलेल्या पहिल्या म्हातारीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात, पत्र्यावर दोनदा थाप मारली.